आधी खिसा

बाईंनी मला विचारलेला पहिला प्रश्न होता, "खिसा आहे का?"

मी तेव्हा एका हाताने बंड्याला आवरत होते. बंड्या म्हणजे तपकिरी रंगाचा, चांगला दांडगा, कुठल्याही एका जातीत धड न बसणारा कुत्रा. एका वेळी आठ-नऊ कुत्री त्याने आयुष्यात पहिल्यांदाच पाहिली होती आणि प्रत्येकाला स्वतः जाऊन भेटायचं असं त्याने ठरवलं होतं. माझ्या दुसऱ्या हातात प्लॅस्टिकची पिशवी होती. तिच्यात नवी साखळी, नवा पट्टा, रबरी चेंडू, शिट्टी आणि बिस्किटांचा पुडा. मी अगदी जय्यत तयारीने आले होते. मी पिशवी पुढे केली, पण बाईंनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"पिशवी नाही. खिसा."

"पंजाबी ड्रेसला कुठून खिसा असणार, बाई?"

"मग शिवून घे. पुढच्या रविवारी खिसा घेऊन ये. कुत्रा नाही आणलास तरी चालेल." मग त्या बंड्याकडे वळल्या, हात मागे बांधून थोड्या वाकल्या आणि म्हणाल्या, "आपण मात्र आलात तर आनंदच आहे."

बाईंची ही पद्धत होती. माणसांना अरे-तुरे आणि कुत्र्यांना अहो-जाहो. मैदानावर आलेला मोती त्यांच्याकडे मोतीराव व्हायचा आणि टॉमीचा टॉमीसाहेब. आमचा बंड्या पहिल्याच दिवशी बंडोपंत झाला. एका निवृत्त कर्नलसाहेबांना त्यांनी "अरे, दोरी सैल सोड, ओढतोस काय!" म्हणून झापलं होतं आणि लगेच त्यांच्या कुत्रीला "आपल्याला लागलं तर नाही ना?" असं विचारलं होतं. कर्नलसाहेब पुढच्या रविवारी निमूटपणे पुन्हा आले. बाईंपुढे सगळेच निमूट असत.

तीस-बत्तीस वर्षं त्यांनी मुलींच्या शाळेत कवायत शिकवली होती. मी पाहिलं तेव्हा निवृत्त होऊन पाच-सहा वर्षं झाली असावीत. घोट्याच्या बरंच वर नेसलेली सुती साडी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट आणि साडीवर खाकी रंगाचं, चार खिशांचं जाकीट. पुण्यात पायांत बूट आणि अंगावर जाकीट घालून साडी नेसणारी बाई रस्त्यावरून गेली तर लोक वळून बघतात. बाई स्वतःही थांबून, वळून त्यांच्याकडे बघत. "झालं बघून? मग चला आता," म्हणत. गळ्यात शिट्टी असे, पण ती कुत्र्यांसाठी नव्हती. कुणी कुत्र्यावर ओरडलं की ती शिट्टी वाजायची आणि ओरडणाऱ्याने मैदानाला एक फेरी मारून यायचं. कुत्रा तोवर बाईंपाशी मजेत बसलेला असायचा.

सहकारनगरच्या मागे, टेकडीच्या पायथ्याशी एक मोकळं मैदान होतं. आता तिथे इमारती आहेत. दर रविवारी सकाळी साडेसहाला तिथे बाईंची ही शाळा भरे. फी नव्हती. एकच अट होती. बाई सांगतील तेच सामान आणायचं, त्या सांगतील त्याच क्रमाने आणायचं, आणि घरात आधीचं जे काही असेल ते त्यांच्याकडे जमा करायचं. माझी नवीकोरी साखळी त्या दिवशीच जमा झाली.

"ही वाजते," त्या म्हणाल्या. "तुला कुत्रा चालवायचाय की देवळातली घंटा?"

मला खरं तर राग आला होता. बंड्याला शिकवणं ही माझ्यासाठी हौस नव्हती. तो माझ्या वडिलांचा कुत्रा. वडील साताऱ्याला एकटे राहायचे, बंड्या त्यांच्या अंगणात मोकळा वाढलेला. वडील मेमध्ये अचानक गेले. मी एकुलती एक. त्यांचं घर आवरून मी एक कपाट, दोन ट्रंका आणि बंड्या घेऊन टेंपोतून पुण्याला आले. कपाट मी कुणालाही देऊन टाकलं असतं. पण बंड्या मला हवा होता. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात वडिलांच्या आवाजाची सवय असलेलं माझ्याशिवाय दुसरं कोणी नव्हतं. मी कुणाला हे बोलून दाखवलं नाही, पण तसं होतं.

श्रावणात एका सकाळी आई, म्हणजे माझ्या सासूबाई, त्याला घेऊन खाली गेल्या. कोपऱ्यावर मांजर दिसलं आणि बंड्या सुटला. त्याच्याबरोबर आईही सुटल्या. उजवं मनगट मोडलं, सहा आठवडे प्लॅस्टर. त्या स्वतः फार बोलल्या नाहीत. बोलला तो माझा नवरा. "दिवाळीपर्यंत बघू. तोवर नीट चालायला लागला तर ठीक. नाहीतर माझ्या मित्राची सासवडला पोल्ट्री आहे, तो ठेवून घेईल." त्या पोल्ट्रीवर मी एकदा गेले होते. तिथे दोन कुत्री होती, दिवसभर खांबाला बांधलेली. दिवाळीला तेव्हा अकरा रविवार होते. त्यातला एक रविवार बाईंनी मला खिसा शिवायला घालवायला लावला.

आमच्या गल्लीतल्या शिंप्याला मी ड्रेस दिला. तो कापड उलटसुलट करून म्हणाला, "खिसा? पोस्टात लागलात का काय, ताई?" तरी त्याने शिवला, चांगला खोल, उजव्या बाजूला. पुढच्या रविवारी मी विजयी मुद्रेने बाईंपुढे उभी राहिले. बाईंनी खिशात हात घालून खोली बघितली, शिवण ओढून बघितली आणि विचारलं, "बंडोपंत कुठल्या बाजूने चालणार?"

"डाव्या."

"आणि त्यांचा खाऊ उजवीकडे. म्हणजे दर चार पावलांना ते तुझ्या पुढून आडवे जाणार आणि तू तोंडावर पडणार. सासूला पाडलं, आता सुनेला."

आणखी एक आठवडा गेला. शिंप्याने दुसरा खिसा शिवला, या वेळी एक शब्दही न बोलता. त्याने मला वेड्यात काढलं असावं.

पुरुषांची वेगळीच गंमत व्हायची. त्यांना खिसे भरपूर, पण रिकामा एकही नाही. छातीवरच्या खिशात पेन, पास, डायरी. कुत्र्याला शाबासकी द्यायला वाकले की सगळं त्याच्या डोक्यावर. विजारीच्या खिशात किल्ल्या. खाऊ काढायला हात घातला की किल्ल्या खुळखुळणार आणि कुत्रं दचकणार. बाई त्यांना सगळ्यांसमोर खिसे रिकामे करायला लावत. एका प्राध्यापकांच्या खिशातून आदल्या वर्षीचं संक्रांतीचं हलव्याचं पुडकं निघालं. "हे दे, हे चालेल," बाई म्हणाल्या, "तुला नाही, त्यांना." पण पुडकं हुंगून त्यांनी ते लांब भिरकावलं.

त्यांच्या स्वतःच्या जाकिटाच्या डाव्या खालच्या खिशात कलेजीचे वाळवलेले तुकडे असत. बाई स्वतः कांदासुद्धा चातुर्मासात न खाणाऱ्या. पण दर शुक्रवारी स्टीलचा डबा घेऊन खाटकाच्या दुकानासमोर रांगेत उभ्या राहत. कलेजी उकडायला वेगळं पातेलं, वेगळी चूल आणि ती अंगणात. तुकडे करायला एक जुना अडकित्ता. मग बूट काढून, हातपाय धुऊन घरात. त्या भावाच्या घरी राहायच्या; भावजय काही म्हणत नाही का, असं मी एकदा विचारलं. "म्हणते ना," बाई म्हणाल्या, "पण तिच्याकडे खिसा नाही." आमच्या घरी कलेजी शक्यच नव्हती. मला त्यांनी फुटाणे मंजूर केले. सालं काढून.

खिसा पास झाल्यावर पट्टा. चपटा, मऊ चामड्याचा, साध्या बकलाचा. मंडईजवळच्या एका मोच्याकडून तो करून घ्यायचा. मान आणि पट्टा यांच्यामध्ये दोन बोटं जायला हवीत, दीड नको, अडीच नको. ही दोन बोटं म्हणजे बाईंचं सगळ्यात मोठं हत्यार. ती त्या प्रत्येक पट्ट्यात सरकवून बघत. आणि पट्टा कुत्र्याला घालण्याआधी एक दिवस तो आपल्या हाताला बांधून हिंडायचं. मी तो मनगटाला दोनदा गुंडाळून बँकेत कामाला गेले. काउंटरवर पैसे मोजताना एका आजोबांनी विचारलं, "नवस का हो?" मी हो म्हटलं. संध्याकाळी बकलाखालची कातडी लाल झाली होती. मोच्याने तिथे आतून फ्लॅनेलचा तुकडा लावून दिला. "बघ," बाई म्हणाल्या, "तुला सांगता येतं. त्यांनी कुणाला सांगायचं?"

मग दोरी. साखळी नाही, नायलॉन नाही, कारण तो ओढला की हात सोलतो. खाटेला वापरतात ती नवार. बोहरी आळीत जाऊन बोटभर रुंदीची सहा फूट सुती नवार आणायची आणि टोकाला मुठीएवढा फास शिवून घ्यायचा. दुकानदाराने विचारलं, "खाट केवढी आहे?" मी सांगितलं, खाट नाही. पुढे त्याने काही विचारलं नाही. बोहरी आळीत लोक काय काय मागायला येत असतील, देव जाणे.

शेवटी कासरा. बैलांना लावतात तो सुताचा दोर. मार्केट यार्डाच्या बाजूला शेतीचं सामान विकणारी दुकानं होती, तिथे मी दुपारच्या सुटीत गेले. गाद्यांच्या ढिगासारखे रचलेले दोर आणि त्यावर टेकून बसलेला एक दुकानदार.

"जोडीला पायजे का एकल्याला?"

"एकाला. पाच वाव."

"बैल कुठल्या गावचा हाय?"

"बैल नाही. कुत्रा आहे."

तो उठून नीट बसला. "कुत्र्याला कासरा? येवढा लांब कशापायी?"

बाईंनी मला जे सांगितलं होतं ते मी त्याला सांगितलं. कुत्र्याला वाटायला हवं की आपण मोकळे आहोत, आणि तरी हाक मारल्यावर त्याने यावं. आला नाही तर दोर आहे. पण दोर ओढायचा नाही. ओढलास तर तो दोराकडे येईल, तुझ्याकडे येणार नाही. दुकानदाराने दोन्ही हात पसरून पाच वाव मोजले आणि वर हातभर जास्त सोडला. "आमच्या बैलांना बी हेच हाय की, ताई," तो म्हणाला. "पर इतकं बोलायला वेळ कुणाला हाय."

एवढं सगळं जमेपर्यंत सहा रविवार संपले होते. बंड्या "या" म्हटल्यावर दहातून सहा वेळा यायचा. रस्त्यावर मात्र अजून ओढायचा. बाईंचा नियम असा की नवार ताणली की झाडासारखं उभं राहायचं, सैल झाली की चालायला लागायचं. ओरडायचं नाही, झटका द्यायचा नाही. मैदानावर हे ठीक होतं. आमच्या गल्लीत सकाळी बँकेची वेळ गाठायची असताना दर तीन पावलांना झाड होणं मला जमत नव्हतं. नवरा गॅलरीतून बघायचा आणि वर आल्यावर म्हणायचा, "आज दुधाच्या केंद्रापर्यंत तरी पोचलात का?"

एका संध्याकाळी तो एक नवी साखळी घेऊन आला. गळ्यात घालायची, आतल्या बाजूने बोथट दाते असलेली. कुत्र्याने ओढलं की ती आवळते आणि दाते रुततात. ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं होतं. "एकदा घालून तर बघ. तुमच्या बाई नवारीत रमल्यात, इथे दिवाळी आली."

मी घातली. हे मला सांगितलंच पाहिजे, कारण इतकी वर्षं मी ते नवऱ्याच्या नावावर खपवत आले. साखळी त्याने आणली, पण घातली मी, आणि ओढलीही मी. पहिल्या दिवशी बंड्या दोनदा कळवळला. दुसऱ्या दिवशी एकदा. चौथ्या दिवशी तो माझ्या डाव्या पायाशी असा चालला की समोरच्या इमारतीतल्या बाई थांबून बघायला लागल्या. मला आनंद झाला. बंड्या राहणार, आता कुणी काही म्हणू शकणार नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं. त्याने शेपूट कधी खाली घातलं ते माझ्या लक्षातही आलं नाही.

रविवारी मी त्याला त्याच साखळीत मैदानावर नेलं. बाईंना दाखवायलाच नेलं म्हणा ना. त्या ओरडतील अशी तयारी होती, पण कुत्रा चालतोय हे तर त्यांना कबूल करावंच लागलं असतं.

बाई ओरडल्या नाहीत. शिट्टीही वाजवली नाही. त्यांनी मला मैदानाची एक लांबी चालायला लावलं. मग म्हणाल्या, "काढ ती साखळी. कासरा लाव. लांब जा आणि बोलाव."

मी पाच वाव लांब गेले. खिशात हात घातला आणि म्हटलं, "बंड्या, या."

बंड्याने माझ्याकडे पाहिलं आणि तो खाली बसला. मी पुन्हा बोलावलं. त्याने कान पाडले आणि पोट जमिनीला टेकवलं. सहा आठवड्यांत जो दहातून सहा वेळा धावत यायचा, तो आता एकदाही उठला नाही. मी फुटाणे दाखवले. त्याने मान वळवली. मला रडू फुटलं, सगळ्यांसमोर.

बाईंनी त्या दिवशी शाळा लवकर सोडली. तसं त्यांनी कधीच केलं नव्हतं. मला म्हणाल्या, "चल माझ्याबरोबर. बंडोपंत, आपणही."

त्यांच्या खोलीत पलंगाखाली पत्र्याची ट्रंक होती. त्यांनी ती ओढून उघडली. आत लोकांकडून जमा केलेलं सामान होतं. साखळ्या, काटेरी पट्टे, चामड्याचे चाबूक, तोंडाला बांधायच्या जाळ्या. प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली, तिच्यावर कुणाकडून आणि कधी आलं ते. शाळेत मुलींच्या जप्त केलेल्या वस्तूंना बांधत असतील तशी. मी माझी साखळी त्यात टाकली. बाईंनी मात्र आणखी खाली हात घातला आणि तळातून एक वेताची छडी काढली. तिलाही चिठ्ठी होती. तिच्यावर बाईंचं स्वतःचं नाव होतं.

"ही माझी," त्या म्हणाल्या. "शाळेत मुली रांगेत उभ्या राहायच्या त्या हिच्या जोरावर. घरी राजा होता माझा. म्हटलं, मुली शिकतात तर हा का नाही शिकणार? महिन्याभरात बसायला शिकला. असा बसायचा की लोक बघायला यायचे. मी फाटकातून आत आले की राजा बसलाच. हातात छडी असो नाहीतर नसो."

बंड्या दाराशी पडून होता.

"मग एके दिवशी माझ्या लक्षात आलं. भावाची मुलं आली की तो धावत जायचा. दूधवाला आला की जायचा. मी आले की बसायचा. तेव्हापासून छडी बंद केली. लाड केले, हाताने भरवलं, काय वाटेल ते केलं. म्हातारा झाला, डोळ्यांनी दिसेना. तरी माझी पावलं ओळखायचा. ओळखली की बसायचा. अकरा वर्षं बसला माझ्यापुढे. आला एकदाही नाही."

त्यांनी छडी जिथून काढली तिथे परत ठेवली आणि ट्रंक बंद केली.

"तुझे चारच दिवस झालेत," त्या म्हणाल्या. "जा. पहिल्यापासून सुरू कर."

पहिल्यापासून म्हणजे खिसा. उरलेल्या तीन आठवड्यांत मी बंड्याला कुठेही चालवलं नाही. रोज पहाटे इमारतीमागच्या मोकळ्या जागेत खिशात फुटाणे घेऊन नुसती बसून राहायचे, कासरा जमिनीवर सैल टाकून. पहिले पाच दिवस तो आलाच नाही. सहाव्या दिवशी दोन पावलं आला. नवरा म्हणाला, "चांगला चालत होता, आता बसवून ठेवलास. साखळी कुठंय?"

"बाईंच्या ट्रंकेत."

"म्हणजे पोल्ट्रीवाल्याला कळवू ना?"

आई बाजूला भाजी निवडत होत्या. प्लॅस्टर निघालं होतं, पण मनगट अजून सुजलेलंच. इतके दिवस या विषयावर त्या एक अक्षर बोलल्या नव्हत्या. आता त्यांनी विचारलं, "कशी होती ती साखळी?"

मी सांगितलं. दाते कसे होते, कुठे रुतायचे, तेही सांगितलं. माझ्या हातून झालं हेही सांगितलं. आईंनी ऐकून घेतलं. मग मुलाला म्हणाल्या, "हात माझा मोडलाय. काय करायचं ते मी ठरवीन. कुणाला काही कळवायचं नाही."

दिवाळीच्या आधीच्या रविवारी त्या माझ्याबरोबर मैदानावर आल्या. नऊवारी, अंगावर शाल, चेहऱ्यावर सगळ्या कुत्र्यांबद्दलची नापसंती. नवराही आला, निकाल बघायला. मी बाईंची ओळख करून दिली. वयाने दोघी सारख्याच असाव्यात. बाईंनी आईंना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि तोच प्रश्न विचारला.

"खिसा आहे का?"

आईंनी शांतपणे कमरेला खोचलेला सुपारीचा बटवा काढून दाखवला. तो डाव्या बाजूलाच होता. जन्मभर तिथेच होता.

बाई हसल्या. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहिलं. "अगं," त्या मला म्हणाल्या, "घरात सामान तयार असताना तू शिंप्याकडे दोन खेपा घातल्यास!"

बटव्यातली सुपारी आणि लवंगा आईंनी माझ्या हातात दिल्या आणि त्यात फुटाणे भरले. नवार त्यांनी दुखऱ्या हातातच धरली. मी नको म्हटलं, तर म्हणाल्या, "याच हाताची भीती घालवायचीय." बाईंनी पट्ट्याला जोडून कासराही लावला आणि त्याचं टोक स्वतःच्या हातात ठेवलं. बंड्या घरी परत येणार की सासवडला जाणार ते पुढच्या शंभर पावलांवर होतं आणि त्यात मला काहीच करायचं नव्हतं.

आई निघाल्या. वीसेक पावलं बंड्या शेजारी चालला. मग पलीकडून कर्नलसाहेबांची कुत्री दिसली आणि तो पुढे झेपावला. नवार ताणली गेली. नवऱ्याने "आई!" म्हणून हाक मारली. आई थांबल्या. दोन्ही पाय रोवून, शाल सावरून नुसत्या उभ्या राहिल्या. काही बोलल्या नाहीत, ओढलं नाही. उभं राहायचा कंटाळा त्यांना कधीच नव्हता, चाळीस वर्षं त्या रेशनच्या रांगेत उभ्या होत्या. बंड्याने मागे वळून पाहिलं. कुत्रीकडे पाहिलं. पुन्हा आईंकडे पाहिलं. आईंनी बटव्यात हात घातला.

तो वळला आणि आला. नवार सैल झाली आणि आई पुढे चालायला लागल्या, जणू मध्ये काही झालंच नव्हतं. मैदानाच्या टोकाला जाऊन दोघं परत आली. आईंनी नवार माझ्या हातात दिली आणि मनगट चोळत म्हणाल्या, "तुझ्यापेक्षा मला बरं जमतं." बाईंच्या हातातला कासरा शेवटपर्यंत जमिनीवर सैल पडलेला होता.

पोल्ट्रीचा विषय घरात पुन्हा निघाला नाही. पुढची कित्येक वर्षं बंड्याला सकाळी आईच फिरवून आणत. नवराही हळूहळू विजारीच्या डाव्या खिशातल्या किल्ल्या उजव्या खिशात ठेवायला लागला.

मैदानावर बांधकाम सुरू झालं आणि बाईंची शाळा बंद पडली. भाचीकडे राहायला त्या कोथरूडला गेल्या. आई वारल्या तेव्हा बाई भेटायला आल्या. बंड्या तेव्हा तेरा-चौदा वर्षांचा असेल. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, मागचे पाय अधू. दिवसभर तो आईंच्या जुन्या सतरंजीच्या तुकड्यावर पडून असायचा आणि कुणासाठी उठायचा नाही. जेवणसुद्धा मी त्याच्या तोंडाशी नेत असे.

दार उघडलं तेव्हा बाई जिना चढून दमल्या होत्या. अंगावर तेच खाकी जाकीट, आता खांद्यांवरून ओघळलेलं. चालायला त्यांना काठी लागायची. आत बघून, बंड्या दिसल्यावर, त्यांनी काठी बाहेर जिन्याच्या कठड्याला टेकवून ठेवली आणि भिंतीचा आधार घेत आत आल्या. "अहो बाई, काठी घ्या, पडाल," मी म्हटलं. त्यांनी नुसता हात हलवला.

मी बंड्याला हाक मारणार होते. त्यांनी तोच हात माझ्यासमोर धरून मला थांबवलं. स्वतःही त्या काही बोलल्या नाहीत. "या" म्हटलं नाही, "बंडोपंत" म्हटलं नाही. दाराजवळ तशाच उभ्या राहिल्या. कॅनव्हासचे बूट त्यांनी बाहेर काढले होते, पण त्यांची पावलं बंड्याला कळली असावीत. त्याचे कान हलले. त्याने मान वर केली. मग पुढचे पाय, मग एकदा घसरून मागचे पाय. तो उभा राहिला आणि भिंतीला घासत घासत, खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बाईंकडे गेला. नाक त्याने त्यांच्या जाकिटाच्या डाव्या खालच्या खिशात खुपसलं.

"अहो, रिकामा आहे हो माझा खिसा," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज फार बारीक झाला होता.

बंड्याने नाक काढलं नाही. मी खुर्ची पुढे केली. पण बाई बराच वेळ बसल्या नाहीत.